अध्यक्षांच्या परवानगीने

मीटिंगरावांची मेल गुरुवारी रात्री नऊला येते. विषयाच्या जागी लिहिलेलं असतं, 'कार्यकारिणी सभा : अंतिम विषयपत्रिका (सुधारित ३)'. आधीच्या दोन अंतिम विषयपत्रिका आपण उघडल्याच नव्हत्या, हे आपल्याला तेव्हा कळतं. त्यांना ते आधीच कळलेलं असतं, कारण मेल उघडल्याची पोच ते मागून ठेवतात. खाली तक्ता असतो. ५:०० ते ५:०४ स्वागत. ५:०४ ते ५:११ मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ५:११ ते ५:२३ गणेशोत्सव, सभागृह आणि खर्च. ५:२३ ते ५:२६ मोकळी चर्चा. आणि तळाशी जाड ठशात : 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय – ० मिनिटे'.

मीटिंगराव हे एका माणसाचं नाव नाही. अमेरिकेत जिथे महाराष्ट्र मंडळ आहे तिथे ते आहेत. एडिसनला आहेत, नेपरव्हिलला आहेत, फ्रीमाँटला तर दोन-तीन असावेत. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ साली निघालं. त्या जुलैत माणूस चंद्रावर उतरत असताना शिकागोच्या कुठल्यातरी बेसमेंटमध्ये एक मराठी माणूस घड्याळाकडे बघत 'कोरम झाला का?' असं विचारत असणार, याबद्दल माझी खात्री आहे. पुढे १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं, १९८४ पासून अधिवेशनं सुरू झाली, आणि अधिवेशन म्हटलं की समित्या आल्या. भोजन समिती, निवास समिती, वाहतूक समिती, रंगमंच समिती, आणि या सगळ्यांचा मेळ घालणारी समन्वय समिती. मीटिंगरावांना तेव्हापासून सगळा खंड मोकळा झाला.

मी सांगतोय ते आमच्या मध्य न्यू जर्सीतले. पंचावन्नच्या आसपासचे. खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक दुरुस्तीचं लाल. घरात तीन टॅब्लेट असूनही हातात क्लिपबोर्ड. माणूस अत्यंत सज्जन. कोणाच्या घरी आजारपण आलं तर पहिला डबा त्यांच्याकडचा असतो. त्याच्याबरोबर पुढच्या दोन आठवड्यांचे डबे कोण देणार, याचा तक्ताही असतो. त्या तक्त्यात सलग दोन दिवस वांगी येणार नाहीत, हेही पाहिलेलं असतं.

त्यांच्यात दोन परंपरा एकत्र झाल्या आहेत. पहिली डोंबिवलीची. वडील सहकारी गृहनिर्माण सोसायटीचे सेक्रेटरी होते. वार्षिक सभेची नोटीस घेऊन दारोदार सह्या घ्यायला जाणं हे मीटिंगरावांचं बालपणातलं पहिलं सार्वजनिक काम. 'इतिवृत्त वाचून कायम करणे' हे शब्द त्यांनी शुभंकरोतीच्या आसपासच पाठ केले. त्यातलं त्यांचं सर्वांत लाडकं कलम म्हणजे गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल आणि त्या सभेला गणसंख्येची अट राहणार नाही. हे कलम सांगताना त्यांचा आवाज अजूनही हळवा होतो. मराठी माणसाला त्याच्या सर्व दोषांसकट ओळखून केलेला असा दुसरा कायदा नाही, असं ते म्हणतात. मला ते पटतं.

दुसरी परंपरा अमेरिकन. हेन्री मार्टिन रॉबर्ट हा लष्करातला इंजिनिअर. १८६३ साली मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डला त्याला एका चर्चमधली सभा चालवायला सांगितली. सभा कशी चालवतात हे त्याला ठाऊक नव्हतं. सभेचा असा विचका झाला की नियम शिकल्याशिवाय पुन्हा कुठल्या सभेला जायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवलं. दुसरा कोणी असता तर एवढ्यावर सुखी झाला असता. रॉबर्टने मात्र तेरा वर्षं अभ्यास केला आणि १८७६ साली पदरचे पैसे घालून नियमांचं पुस्तक छापलं. चार हजार प्रती, पानं १७६. आज त्या पुस्तकाची बारावी आवृत्ती चालते, ती सातशे पानांच्या वर गेली आहे. हाच रॉबर्ट पुढे टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टनला, १९०० सालच्या चक्रीवादळात हजारो माणसं गेल्यावर, समुद्राची भिंत आखणाऱ्या अभियंत्यांच्या मंडळात होता. सतरा फूट उंच भिंत. समुद्र अडवायची भिंत आणि बोलणारा माणूस अडवायचं पुस्तक, दोन्हींत त्याचा हात. भिंत बऱ्यापैकी टिकली आहे.

आमच्या मंडळाच्या घटनेत एक वाक्य आहे : जिथे घटना गप्प आहे तिथे रॉबर्टचे नियम लागू. हे वाक्य मीटिंगरावांनीच घातलं. त्या दिवशी सगळ्यांना जेवायची घाई होती.

आता होतं असं की कार्यकारिणीत अकरा जण, कोरम सहाचा. पाचला सभा. पाचला तिथे मीटिंगराव आणि ज्यांच्या घरी सभा आहे ते यजमान, तेही अजून बैठकीच्या खोलीतले कपडे घडी करत असलेले. सव्वापाचला तीन. पाच पस्तीसला पाच. डोंबिवलीच्या कलमाने अर्धा तास उलटून गेल्यावर सभा सुरू व्हायला हरकत नाही. रॉबर्टच्या मते कोरम नसताना कामकाज होऊ शकत नाही. सभा तहकूब करता येते, विश्रांती घेता येते, किंवा कोरम मिळवण्यासाठी उपाय योजता येतात. मीटिंगराव उपाय योजतात. उपाय म्हणजे फोन.

"कुठे आहात?"

"अहो, निघालोच. रूट वनवर आहे. ट्रॅफिक आहे."

"तुमच्या मागे कुकरची शिट्टी ऐकू येतेय."

"मग मी येईपर्यंत काय करताय? सुरू करा ना!"

मीटिंगराव फोन ठेवतात आणि कागदावर नोंद करतात : '५:४१, कोरमसाठी उपाय योजले.'

याच माणसाला सोमवारी साडेनऊला त्याच्या ऑफिसात बघावं. मी पाहिलेलं नाही, पण आमच्या शेजारचा एक मुलगा त्यांच्या हाताखाली आहे, तो सांगतो. हाताखाली नऊ माणसं, सभा अर्ध्या तासाची. विषय दोन दिवस आधी येतात, आणि प्रत्येक विषयापुढे लिहिलेलं असतं की यावर माहिती द्यायची आहे, मत घ्यायचं आहे की निर्णय करायचा आहे. नुसती माहिती असेल तर ती मेलने जाते, तिच्यासाठी माणसं बसवून ठेवत नाहीत. सगळ्यात वरच्या हुद्द्याचा माणूस मत शेवटी देतो, म्हणजे बाकीच्यांची तोंडं आधीच बंद होत नाहीत. सभा संपल्यावर तासाभरात टिपण येतं, त्यात रकाने तीनच : काय, कोण, कधीपर्यंत. आणि शुक्रवारपर्यंत काही विषयच आला नाही तर सभा रद्द. ती रद्द झाल्याची मेल म्हणे त्या ऑफिसातली सर्वांत लोकप्रिय मेल आहे. "काका, त्यांच्यासारखा मॅनेजर मिळायला नशीब लागतं," असं तो मुलगा म्हणाला. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली की आम्ही एकाच माणसाबद्दल बोलतोय.

फरक साधा आहे. ऑफिसात माणसं पगारासाठी येतात आणि गप्पा दुसरीकडे मारतात. मंडळात माणसं गप्पांसाठी येतात आणि पगार दुसरीकडे घेतात. आठवडाभर इंग्रजीत जबडा दुखवून घेतलेला माणूस रविवारी संध्याकाळी मराठीतून भांडायला मिळावं म्हणून वीस मैल गाडी हाकतो. त्याला ५:११ ते ५:२३ या वेळात आवरायला सांगणं म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढणं. हे मीटिंगराव सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे त्यांना वाटत राहतं की पद्धत चुकते आहे, आणि पद्धत सुधारता येते.

सुधारणांची सुरुवात उभ्या सभेने झाली. सॉफ्टवेअरवाल्यांच्यात रोज पंधरा मिनिटांची उभ्या-उभ्याची सभा असते. पाय दुखायला लागले की माणूस मुद्द्यावर येतो, हे तिचं शास्त्र. मीटिंगरावांनी यजमानांच्या खुर्च्या आधीच गराजमध्ये ठेवून दिल्या. पहिली दोन मिनिटं बरी गेली. मग खजिनदारांचा गुडघा बोलू लागला, त्यापाठोपाठ उपाध्यक्षांच्या बायपासची आठवण निघाली. आणि अमेरिकन घरात उभं राहून बोलायची जागा एकच, स्वयंपाकघरातला मधला ओटा. तिथे भडंग होतं. पाचव्या मिनिटाला सभा तिथे गेली. दहाव्या मिनिटाला तिच्या तीन सभा झाल्या. मीटिंगराव दिवाणखान्यात एकटेच उभे होते.

त्यानंतर सहा पानं आली. ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी २००४ साली वरिष्ठांच्या सभांतून पॉवरपॉइंट हद्दपार केला. त्याऐवजी सहा पानांपर्यंतचं सलग टिपण लिहायचं, सभेच्या सुरुवातीला सगळ्यांनी ते गप्प बसून वाचायचं आणि मगच बोलायचं. कल्पना मला स्वतःला फार आवडते. तिथे ती चालली याचं कारण, माझ्या मते, तिथल्या सभासदांच्या हातात मराठी मजकूर नव्हता. 'गणेशोत्सव : दृष्टी आणि दिशा' हे टिपण आमच्या हातात पडलं, वर एकेक बॉलपेन. मराठी माणसाच्या हातात छापील मराठी आणि पेन एकाच वेळी द्यायचं नसतं. वीस मिनिटं खरंच टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. मीटिंगरावांच्या चेहऱ्यावर कृतार्थता होती. मग पानं परत आली, तपासून. उपाध्यक्षांनी खाली शेरा दिला होता, 'आशय बरा, शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.' सचिवांनी केलेल्या दुरुस्त्या उपाध्यक्षांनी केलेल्या दुरुस्त्यांच्या बरोबर उलट होत्या. चहा येईपर्यंत आम्ही दुसऱ्या पानावरच्या एका वेलांटीवर होतो. सहाव्या पानावर उत्सवाची तारीख होती, असं नंतर कळलं.

एका सुधारणेला मात्र दाद द्यायला हवी. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या शार्लट शाखेतले स्टीव्हन रोगेलबर्ग हे प्राध्यापक सभांचाच अभ्यास करतात. २०१९ मध्ये त्यांचं त्यावर पुस्तक आलं. त्यांचा एक सल्ला असा की विषयपत्रिकेत विषय लिहू नयेत, प्रश्न लिहावेत. उत्तर मिळालं की सभा संपली, आणि प्रश्नच सुचत नसेल तर सभा घेऊ नये. मीटिंगरावांनी 'प्रसाद' हा शब्द खोडून तिथे 'प्रसाद काय असावा?' असं लिहिलं. त्याने काही फरक पडला नाही. उलट वाढलं. मग पुढच्या पत्रिकेत त्यांनी लिहिलं, 'प्रसाद कोण करणार?' त्या दिवशी आमच्या मंडळाच्या इतिहासात प्रथमच एका विषयावर कोणी बोललं नाही. काय करावं यावर अकरा माणसांची चौदा मतं असतात. कोण करणार म्हटलं की सगळे खिडकीबाहेरची हरणं बघू लागतात.

ती सभा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

आधी सभागृहाचा विषय झाला. शाळेचं सभागृह भाड्याने घ्यायचं, शाळेला विम्याचा दाखला द्यायचा, ठरल्या वेळेपुढे थांबलो तर कस्टोडियनचे तासाचे पैसे, ध्वनिव्यवस्था, मुंबईहून येणाऱ्या कलाकारांचे व्हिसे आणि विमानभाडी. रक्कम पाच आकडी, डॉलरमध्ये. सूचक, अनुमोदक, मंजूर. तीन मिनिटंही लागली नाहीत. विम्याच्या दाखल्यात काय असतं हे मीटिंगराव सोडून कोणाला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेल्या गोष्टीवर बोलून अज्ञान कशाला दाखवा? सी. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकाने १९५७ सालीच हे लिहून ठेवलं आहे. त्याच्या काल्पनिक समितीत एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर होते, साडेतीनशे पौंडांच्या सायकल शेडवर पाऊण तास जातो आणि सभेतल्या कॉफीवर सव्वा तास. अणुभट्टी कोणाला कळत नाही, सायकल थोड्यांना कळते, कॉफी सगळ्यांनाच. पार्किन्सनने मोदक खाल्ले नव्हते, नाहीतर चौथा मुद्दा आला असता.

मूळ ठराव होता, ओक ट्री रोडवरच्या दुकानातून फ्रोझन मोदक आणावेत. त्यावर सचिवांची दुरुस्ती : 'फ्रोझन' काढून 'घरी केलेले उकडीचे' घालावं. त्यावर उपाध्यक्षांची दुरुस्ती, की 'उकडीचे' नंतर 'निम्मे' आणि उरलेले तळणीचे, कारण देशावर तळणीचेच करतात आणि मंडळ काही फक्त कोकणाचं नाही. सभासदांपैकी एक नागपूरचे. त्यांनी उठून सांगितलं की तळणीचे करणारच असाल तर आत पुरण घाला. मीटिंगरावांनी हात वर केला.

"रॉबर्टनुसार ठरावाला दुरुस्ती देता येते. दुरुस्तीला दुरुस्ती देता येते. दुरुस्तीच्या दुरुस्तीला दुरुस्ती देता येत नाही."

"म्हणजे विदर्भाला देता येत नाही, असंच ना?"

"तसं नव्हे. आधी दुसरी दुरुस्ती निकाली काढू, मग तुमची घेऊ."

"विदर्भाची नंतरच घेता तुम्ही. नेहमीचंच आहे."

नागपूरकरांनी सभात्याग केला. म्हणजे ते स्वयंपाकघरात गेले, आणि तिथून त्यांचा आवाज आणखी चांगला ऐकू येऊ लागला. मग पिठी आंबेमोहोराची की बासमतीची, नारळ ओला की फ्रोझन खवलेला, पाकळ्या किती असल्या म्हणजे मोदक म्हणवतो, यावर तज्ज्ञांची साक्ष झाली. साक्ष देणाऱ्यांपैकी एकानेही जन्मात मोदक वळला नव्हता. शेवटी चारशे माणसं, माणशी दोन, असे आठशे मोदक घरी करायचं ठरलं, आणि मीटिंगरावांनी तो नवा प्रश्न टाकला. कोण करणार?

हरणं आलीच होती. सगळे तिकडे बघत राहिले.

तेवढ्यात सोफ्याच्या कोपऱ्यातून, यजमानांच्या आईंनी, ज्या उन्हाळ्यापुरत्या नाशिकहून आल्या होत्या, विचारलं, "पिठी किती वाजता भिजवायची तेवढं सांगा. आणि चार जणी द्या माझ्याबरोबर. बाप्ये नकोत."

मीटिंगराव गडबडले. आजी सभासद नाहीत. सभासद नसलेल्या व्यक्तीला सभेत बोलायचा अधिकार नाही. त्यांनी क्लिपबोर्डकडे पाहिलं, आजींकडे पाहिलं, आणि इतिवृत्तात आजही वाचता येईल अशी नोंद केली : 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी आलेला विषय. मंजूर.' ती शून्य मिनिटं त्यांनी एकदाच खर्च केली.

करोनात सगळ्या सभा झूमवर गेल्या. फुकटच्या खात्यावर सभा चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडते. खजिनदारांनी पैसे भरायला नकार दिला, आणि मीटिंगरावांनी, आयुष्यात प्रथमच, खर्च वाचवण्याच्या बाजूने मत दिलं. त्यांना तोडीस तोड सहकारी भेटला होता. तो कोणाचं ऐकत नसे, कोणाच्या भावना जपत नसे, वाक्याच्या मध्येच सभा संपवी. पण लोक हुशार. एकोणचाळिसाव्या मिनिटाला कोणीतरी म्हणे, "परत याच लिंकवर या हं," आणि सगळे पाणी पिऊन परत येत. ताजेतवाने होऊन.

त्या काळात मी एक खोडी काढली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची ओएसएस नावाची गुप्तहेर संघटना होती, सीआयएची पूर्वज. तिने १९४४ च्या जानेवारीत एक पुस्तिका काढली. शत्रूच्या मुलखातल्या सामान्य नागरिकांनी हत्यार न उचलता घातपात कसा करावा, याची. त्यात कार्यालयांसाठी वेगळं प्रकरण आहे. सगळे विषय अधिक अभ्यासासाठी समितीकडे सोपवा, समिती शक्य तितकी मोठी करा, पाचाहून कमी माणसं नकोत. पत्रांतल्या आणि ठरावांतल्या शब्दरचनेवर घासाघीस करा. मागच्या सभेत ठरलेल्या गोष्टी पुन्हा उकरून काढा. महत्त्वाचं काम समोर असेल तेव्हा नेमक्या सभा घ्या. मी ही यादी, कुठली आहे ते न सांगता, सभेत वाचून दाखवली. सचिव म्हणाले, "हे आपल्या घटनेत कधी घातलं?" उपाध्यक्षांनी 'उकरून' च्या जागी 'पुनर्विचारार्थ घेऊन' सुचवलं. मग मी मूळ सांगितलं. सगळे हसले. मीटिंगराव हसले नाहीत. ते गंभीर झाले, त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "हे फार महत्त्वाचं आहे. यावर एक उपसमिती नेमू. पाच जणांची."

घरी त्यांचं चालतं असं समजू नये. डिशवॉशर कोणी रिकामा करायचा, यावर त्यांनी एकदा कौटुंबिक सभा बोलावली. मुलगी हायस्कूलच्या विद्यार्थी परिषदेत आहे, आणि रॉबर्ट तिला यांनीच शिकवला. मीटिंगराव प्रास्ताविक करत होते. मुलगी म्हणाली, "बाबा, सभा तहकूब करावी असा ठराव मी मांडते." वहिनींनी भाजी चिरता चिरता अनुमोदन दिलं. मीटिंगराव कारणं सांगू लागले, तेव्हा तिने आठवण करून दिली की तहकुबीच्या ठरावावर चर्चा करता येत नाही, लगेच मत घ्यावं लागतं. दोन विरुद्ध एक. डिशवॉशर तेच रिकामा करतात. मुलीचं त्यांना किती कौतुक आहे, हे ते आम्हाला दर सभेत सांगतात, मोकळ्या चर्चेच्या तीन मिनिटांत.

पुढे एका निवडणुकीत ते पडले. नवी कार्यकारिणी तरुण, हसतमुख, सभेच्या विरोधात. सगळे निर्णय व्हॉट्सॲपवर, अंगठा दाखवून. विषयपत्रिका नाही, इतिवृत्त नाही. कार्यक्रम काय झाले म्हणता! दिवाळी पहाट, ढोलताशा, लावणी. दोन वर्षं मंडळात जान आली, असं जो तो म्हणत होता, आणि ते खोटं नव्हतं. मीटिंगराव तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत. ठरल्या वेळेपेक्षा कार्यक्रम किती उशिरा सुरू झाला हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही, फक्त कार्यक्रमपत्रिकेच्या मागे लिहून ठेवलं.

मग तिसऱ्या वर्षी कोणीतरी विचारलं, आपलं ते पोस्टकार्ड भरलं का?

अमेरिकेत करमाफी असलेल्या छोट्या संस्थेला दरवर्षी केंद्रीय करखात्याकडे एक इलेक्ट्रॉनिक पोस्टकार्ड भरावं लागतं. अर्ज ९९०-एन. त्यात विचारतात काय, तर संस्थेचं नाव, पत्ता, एका पदाधिकाऱ्याचं नाव आणि अशाच दोन-चार गोष्टी. आधी छोट्या संस्थांना तेवढंही नव्हतं. २००६ च्या कायद्याने ते आलं, आणि त्याच कायद्यात असंही आलं की लागोपाठ तीन वर्षं भरलं नाही तर करमाफी आपोआप रद्द. कोणी विचारायला येत नाही, सुनावणी नाही. २०११ च्या जूनमध्ये करखात्याने पहिली यादी काढली तेव्हा तीत सुमारे पावणेतीन लाख संस्था होत्या. त्यातल्या कितीतरी बंद पडलेल्या असतील, पण विसरभोळ्याही असणारच. करमाफी गेली की देणगीदाराला वजावट नाही, आणि ती परत मिळवायची म्हणजे नव्याने अर्ज, नव्याने शुल्क.

आमची दोन वर्षं गेली होती. तिसरं चालू होतं. खात्याचा लॉगिन कोणाकडे, हे कोणाला ठाऊक नव्हतं. व्हॉट्सॲपवर विचारल्यावर सतरा अंगठे आले. करखात्याची पत्रं जात होती ती जुन्या सचिवांच्या जुन्या पत्त्यावर, आणि ते केव्हाच नॉर्थ कॅरोलायनाला राहायला गेले होते. शेवटी एक जण रात्री साडेदहाला मीटिंगरावांच्या घरी गेला. त्यांनी दार उघडलं, प्रश्न ऐकला, आत गेले आणि एक फाइल घेऊन आले. विषय क्रमांक ७, ठराव क्रमांक ४ : करखात्याच्या नोंदी कोणाच्या नावे, कुठल्या पत्त्यावर, संस्थेचा करक्रमांक काय, आणि पदाधिकारी बदलल्यावर हे कोणी कोणाला कधीपर्यंत सोपवायचं. रकाने तीनच. सूचक ते स्वतः, अनुमोदक मी. अनुमोदन दिल्याचं मला आठवत नव्हतं. बहुधा तेव्हा भडंग आलं असावं.

पुढच्या निवडणुकीत अध्यक्षपदासाठी त्यांचा एकट्याचाच अर्ज होता. सगळे म्हणाले, बिनविरोध, टाळ्या वाजवा. ते म्हणाले, घटनेप्रमाणे गुप्त मतदान घ्यावं लागेल. घेतलं. स्वतः त्यांनी मत दिलं नाही. 'हितसंबंध असल्यामुळे अध्यक्ष मतदानापासून दूर राहिले', अशी नोंद आहे.

रसिक माणसांना असा माणूस सहन होत नाही, हे मला मान्य आहे. त्याच्यामुळे गप्पांचा विरस होतो, भजी गार होतात. पण कार्यक्रम रंगवणारी माणसं आपल्यात मुबलक आहेत. शाळेला विम्याचा दाखला कधी द्यायचा, हे माहीत असलेला माणूस मंडळामागे एकच असतो.

तेव्हा अमेरिकेतल्या वाचकांना एक विनंती. तुमच्या मंडळाचं वर्ष डिसेंबरअखेर संपत असेल तर करखात्याकडे भरायची मुदत १५ मे ही आहे. वार्षिक जमा साधारणपणे पन्नास हजार डॉलरपर्यंत असेल तर ते पोस्टकार्ड पुरतं, त्याहून जास्त असेल तर मोठा अर्ज. आणि सर्वांत मोठ्या अर्जात तर सभांची नोंद वेळच्या वेळी केली का, असा प्रश्नच आहे. यंदाचं भरलं गेलंय का, हे आपल्या पदाधिकाऱ्यांना विचारा. 'बघतो मी' असं उत्तर आलं तर ते भरलेलं नाही असं समजा आणि आजच मागे लागा. 'ठराव क्रमांक सांगू का?' असं उत्तर आलं, तर त्या माणसाला पुढच्या वर्षीही निवडून द्या.